जेलन रॅम्सीच्या बदल्यात पहिल्या फेरीचे दोन निवडहक्क: सौदा नेमका कोणाला लाभला?

सेंटजॉन्सकाठी

४ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधील न्यूयॉर्क जेट्सने कॉर्नरबॅक (पास झेलू पाहणाऱ्यांना रोखणारा बचावपटू) सॉस गार्डनर याला इंडियानापोलिस कोल्ट्सकडे पाठवले आणि बदल्यात २०२६ व २०२७ या दोन ड्राफ्टमधील (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील) पहिल्या फेरीचे निवडहक्क व रिसीव्हर (पास झेलणारा) अडोनाई मिचेल घेतला. तेव्हापासून एका कॉर्नरबॅकची किंमत इतकी असू शकते का, हा वाद पुन्हा पेटला आहे. जॅक्सनव्हिलमध्ये राहून जॅग्वार्सवर जीव लावणाऱ्या आमच्यासारख्यांना हा वाद नवा नाही, कारण १५ ऑक्टोबर २०१९ रोजी आमच्या संघाने जेलन रॅम्सीला लॉस एंजलिस रॅम्सकडे जवळपास याच भावाने दिले होते: २०२० व २०२१ चे पहिल्या फेरीचे निवडहक्क आणि २०२१ चा चौथ्या फेरीचा एक. त्या सौद्याचे सगळे धागेदोरे आता आपल्यासमोर असल्यामुळे, गार्डनरबद्दल घाईने मत बनवण्याआधी रॅम्सीचा हिशेब नीट मांडावा, असे मला वाटते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. रॅम्सीला जॅग्वार्सने २०१६ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर घेतले. २०१७ मध्ये तो ऑल-प्रो पहिल्या संघात, म्हणजे त्या वर्षीच्या लीगमधील सर्वोत्तमांच्या यादीत होता, आमचा बचाव पासविरुद्धच्या यार्डांत लीगमध्ये पहिला होता आणि एएफसी या लीगच्या अर्ध्या विभागाच्या अंतिम सामन्यात आम्ही न्यू इंग्लंडकडून २४-२० असे हरलो. पुढच्याच वर्षी संघ ५-११ (पाच विजय, अकरा पराभव) वर घसरला. १५ सप्टेंबर २०१९ रोजी ह्यूस्टनमध्ये मैदानाच्या कडेला रॅम्सी आणि प्रशिक्षक डग मरोन यांच्यात सर्वांसमक्ष खटका उडाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ट्रेडची मागणी केल्याचे जाहीर झाले. त्यानंतर तो आमच्याकडून एकच सामना खेळला. पुढचे तीन पाठदुखीच्या कारणाने चुकले आणि मग तो गेलाच.

माझे मत असे आहे की जॅग्वार्सला भाव वाजवी मिळाला. नुकसान भावात झाले नाही. पंचवीस वर्षे पूर्ण व्हायला नऊ दिवस बाकी असलेल्या, आपल्या जागेवर लीगमध्ये सर्वोत्तम मानल्या जाणाऱ्या खेळाडूला विकण्याची वेळ संघाने स्वतःवर आणली, त्यात झाले. ज्यांना हे पटत नाही त्यांनी सविस्तर लिहावे.

मुळामुठा

धागा काढल्याबद्दल आभार. मी पुण्यातून रविवारी रात्री जागून सामने पाहतो आणि रॅम्सीचा खेळ मला आवडतो, पण त्याची किंमत मला कधीच नीट उमगलेली नाही. कॉर्नरबॅकचे काम प्रतिस्पर्ध्याच्या रिसीव्हरला झेल घेऊ न देणे आणि जमल्यास चेंडू मध्येच पळवणे, हे असेल तर २०२० च्या संपूर्ण हंगामात रॅम्सीने एकच इंटरसेप्शन घेतले आणि तरीही तो ऑल-प्रो पहिल्या संघात निवडला गेला, याचा अर्थ कसा लावायचा? पास फेकणारा क्वार्टरबॅक प्रत्येक स्नॅपला, म्हणजे खेळी सुरू होताच, चेंडू हाताळतो, पास-रशर दर खेळीला त्याच्यावर धावून जातो; कॉर्नरबॅककडे मात्र सामन्यातून कधी चार, कधी पाच वेळाच चेंडू येतो. इतक्या थोड्या प्रसंगांसाठी भविष्यातील दोन पहिल्या फेऱ्या देणे मला अवास्तव वाटते.

इंगलवूडवासी

मुळामुठा, आपला प्रश्न योग्य आहे, पण चेंडू त्याच्याकडे येत नाही हेच त्याच्या किंमतीचे कारण आहे. एका टोकाने फलंदाजाला बांधून ठेवणाऱ्या गोलंदाजाच्या खात्यात बळी कमी असतात आणि ते दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला मिळतात, हे आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. इथेही तसेच घडते.

२०२० मध्ये ब्रँडन स्टेली आमच्या रॅम्सचा बचाव-समन्वयक झाला आणि त्याने रॅम्सीला केवळ बाहेरच्या कडेला उभे न करता ‘स्टार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेवर, म्हणजे आतल्या बाजूला स्लॉटमध्येही वापरले. तेथून तो रिसीव्हरला रोखू शकत होता, धावणाऱ्याला पाडू शकत होता आणि गरज पडली तर क्वार्टरबॅकवरही जात होता. रॅम्सी कडेला एकट्याने रिसीव्हर सांभाळतो याची खात्री असली की सेफ्टीला, म्हणजे सर्वांत मागच्या बचावपटूला, त्याच्या मदतीला पाठवावे लागत नाही. दोन्ही सेफ्टी मागे खोलवर राहतात, पुढे कमी माणसे ठेवूनही पहिल्या फळीतल्या अ‍ॅरन डोनाल्डच्या जोरावर धाव रोखता येते, आणि लांब पासाचा मार्ग बंद होतो. त्या हंगामात रॅम्सचा बचाव सर्वांत कमी गुण आणि सर्वांत कमी यार्ड देणारा ठरला. सिअ‍ॅटलचा रिसीव्हर डी. के. मेटकाफ त्या वर्षी पूर्ण बहरात होता. नोव्हेंबरमध्ये आमच्याविरुद्ध त्याला दोन झेल आणि २८ यार्ड मिळाले.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्याच हंगामात दुसऱ्या बाजूला डॅरियस विल्यम्स नावाचा, ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला कॉर्नरबॅक खेळत होता आणि त्याने चार इंटरसेप्शन घेतले. क्वार्टरबॅक रॅम्सीची बाजू टाळून विल्यम्सकडे फेकत होते. आपण इंटरसेप्शन मोजले तर विल्यम्स रॅम्सीच्या चौपट मोलाचा ठरेल, आणि असा निष्कर्ष कोणीही गंभीरपणे काढणार नाही. (पुढे २०२२ मध्ये हाच विल्यम्स जॅग्वार्सकडे गेला, हे धागाकर्त्यांना आठवत असेलच.)

वैदर्भी

मी कोणत्याच संघाची कट्टर पाठीराखी नसल्यामुळे फक्त हिशेबाबद्दल लिहिते.

निवडहक्कांची तुलना करण्यासाठी डॅलस काउबॉइजमध्ये जिमी जॉन्सन यांच्या काळात तयार झालेले जुने कोष्टक आजही सर्वांच्या ओळखीचे आहे. त्यात पहिल्या क्रमांकाला ३,००० गुण असून पुढे ते वेगाने उतरत जातात. रॅम्सचे जे दोन हक्क जॅग्वार्सकडे आले ते अखेरीस २०२० मध्ये २० वा आणि २०२१ मध्ये २५ वा ठरले; त्यांचे गुण अनुक्रमे ८५० आणि ७२०, म्हणजे बेरीज १,५७०. रॅम्सीसाठी २०१६ मध्ये खर्च झालेल्या पाचव्या क्रमांकाचे गुण १,७०० आहेत. चौथ्या फेरीचा हक्क जमेस धरला तरी बेरीज तिथपर्यंत पोहोचत नाही. याचा अर्थ असा की जॅग्वार्सने तो खेळाडू साडेतीन वर्षे वापरला, तो अपेक्षेपेक्षा सरस निघाला, आणि तरीही विकताना त्याच्या मूळ किंमतीपेक्षा कमी परत मिळवले. ‘दोन पहिल्या फेऱ्या’ हे शब्द कानाला भारदस्त वाटतात, पण चांगल्या संघाची पहिली फेरी आणि वाईट संघाची पहिली फेरी यांत अर्ध्याहून अधिक किंमतीचा फरक असू शकतो. विकणाऱ्या संघाने खरेदीदाराची ताकद पाहूनच सौद्याचे मोल ठरवायला हवे.

तेव्हा ‘भाव वाजवी मिळाला’ या विधानाशी मी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही.

सेंटजॉन्सकाठी

वैदर्भीताई, आपले गणित बरोबर आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला एकांगी वाटतो. पाचव्या क्रमांकाने २०१६ मध्ये जो खेळाडू मिळाला त्याच्यासोबत चार वर्षांचा स्वस्त करार आणि त्याला पाचव्या वर्षीही ठेवून घेण्याचा पर्याय मिळाला होता. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यातली बहुतेक वर्षे संपली होती. रॅम्सला जो माणूस मिळत होता त्याला लवकरच विक्रमी रक्कम द्यावी लागणार, हे सर्वांना दिसत होते. त्या अवस्थेत १,५७० गुण मिळणे ही विक्रेत्यासाठी चांगलीच प्राप्ती आहे. शिवाय सौद्याच्या दिवशी रॅम्स ३-३ असे अडखळत होते आणि त्यांचे ते निवडहक्क वरच्या क्रमांकांवर येतील, अशी आशा बाळगणे अगदीच निराधार नव्हते.

याच काळातला दुसरा सौदा पाहावा. रॅम्सीची मागणी जाहीर झाली त्याच दिवशी, १६ सप्टेंबर २०१९ रोजी, मायामीने सेफ्टी मिंका फिट्झपॅट्रिकला पिट्सबर्गकडे दिले, आणि त्या सौद्याचा गाभा पहिल्या फेरीचा एकच हक्क होता. फिट्झपॅट्रिक त्याच हंगामात ऑल-प्रो झाला. म्हणजे तुलनेने आमच्या व्यवस्थापनाने एक महिना थांबून दुप्पट मिळवले.

खरा दोष कुठे होता, हे डिसेंबर २०१९ मध्ये उघड झाले. संघाच्या फुटबॉल कारभाराचे प्रमुख टॉम कॉफ्लिन यांनी खेळाडूंना लावलेल्या दंडांबद्दल लवादाचा निर्णय संघाविरुद्ध गेला, आणि आधीच्या दोन वर्षांत लीगमधील खेळाडूंनी केलेल्या एकूण तक्रारींपैकी एक चतुर्थांशाहून अधिक एकट्या जॅग्वार्सविरुद्ध होत्या, असे खेळाडूंच्या संघटनेने जाहीर पत्रातच लिहिले. त्यानंतर दोनच दिवसांत संघमालक शाहिद खान यांनी कॉफ्लिन यांना काढले. तोवर रॅम्सी गेला होता. पुढच्या मार्चमध्ये कॅलेस कॅम्पबेल पाचव्या फेरीच्या हक्कावर बाल्टिमोरला गेला, ए. जे. बॉये चौथ्या फेरीवर डेन्व्हरला गेला आणि ऑगस्टमध्ये यानिक इन्गाक्वेही गेला. २०१७ चा तो बचाव तीन वर्षांत पूर्ण विखुरला. माणसे संघात राहू इच्छित नसतील, तर त्यांच्या बदल्यात आलेल्या गुणांची बेरीज १,५७० असो की १,७००, संघ उभा राहत नाही. हे मी रागाने लिहीत आहे आणि तो राग अजून ओसरलेला नाही.

टँपाकर

या चर्चेत डॅरेल रेव्हिसचे उदाहरण आलेच पाहिजे, कारण तो सौदा आमच्या बुकेनियर्सने केला होता.

एप्रिल २०१३ मध्ये टँपा बेने जेट्सला त्या वर्षीचा पहिल्या फेरीचा १३ वा क्रमांक आणि २०१४ चा एक हक्क देऊन रेव्हिसला घेतले. तो आधीच्या सप्टेंबरमध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापतीने बाहेर गेला होता, तरीही त्याला वर्षाला १ कोटी ६० लाख डॉलर असा सहा वर्षांचा करार देण्यात आला. मात्र त्या करारात हमीची रक्कम शून्य होती. आमचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग शियानो यांच्या बचावात झोन कव्हरेज भरपूर होते. ज्या माणसाची ख्याती प्रतिस्पर्ध्याचा सर्वोत्तम रिसीव्हर एकट्याने संपूर्ण सामनाभर झाकून टाकण्याची होती, त्याला आम्ही मैदानाचा एक तुकडा राखायला उभे केले. संघ ४-१२ असा संपला, प्रशिक्षक बदलले आणि मार्च २०१४ मध्ये रेव्हिसला मोकळे करण्यात आले. तो न्यू इंग्लंडला गेला आणि त्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. जेट्सने त्या १३ व्या क्रमांकावर शेल्डन रिचर्डसन घेतला, जो २०१३ चा सर्वोत्कृष्ट बचाव-नवोदित ठरला.

मला यातून दिसते ते असे: कॉर्नरबॅकची किंमत त्याच्या अंगी कधीच पूर्णपणे नसते. ज्या पद्धतीत तो उभा राहणार ती पद्धत, त्याच्या पुढे क्वार्टरबॅकवर धावून जाणारी माणसे, आणि आपण आघाडीवर खेळतो की पिछाडीवर, यांवर ती ठरते. पिछाडीवर असलेल्या संघाविरुद्ध प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन नुसते धावतात. मग कडेला रेव्हिस उभा आहे की आणखी कोणी, याने काय फरक पडतो? रॅम्सपाशी अ‍ॅरन डोनाल्ड होता. आमच्यापाशी तेव्हा जिंकायची सवयच नव्हती.

इंगलवूडवासी

टँपाकरांचा हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि रॅम्सचा निर्णय त्यानेच समजतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडकडून १३-३ असे हरलो होतो. डोनाल्ड ऐन भरात होता आणि असा खेळाडू किती वर्षे पुरेल हे कोणीही सांगू शकत नव्हते. रॅम्सचे महाव्यवस्थापक लेस स्नीड यांनी तेव्हा निवडहक्कांपेक्षा तयार खेळाडू पसंत केले. त्या दिवशीचे दोन्ही व्यवहार एकत्र पाहावे लागतात, कारण रॅम्सी घेण्याच्याच दिवशी मार्कस पीटर्सला बाल्टिमोरकडे पाठवून लाइनबॅकर केनी यंग आणि पाचव्या फेरीचा हक्क घेण्यात आला होता. पीटर्सही तिथे त्याच हंगामात ऑल-प्रो झाला, म्हणजे आम्ही चांगला कॉर्नरबॅक देऊन अधिक बहुगुणी कॉर्नरबॅक घेतला. पुढे मॅथ्यू स्टॅफर्डसाठी २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेऱ्याही गेल्या. २०१६ मध्ये जॅरेड गॉफला घेतल्यानंतर थेट २०२४ मध्ये जॅरेड व्हर्सपर्यंत आम्ही पहिल्या फेरीत कोणालाही निवडले नाही.

तरीही संघ भरला गेला, कारण पुढच्या फेऱ्यांतून स्वस्त आणि चांगली माणसे मिळत राहिली. कूपर कप तिसऱ्या फेरीचा, जॉर्डन फुलर सहाव्या फेरीचा. १३ फेब्रुवारी २०२२ रोजी आमच्याच स्टेडियममध्ये सिनसिनाटीला २३-२० असे हरवून विजेतेपद मिळाले. इतक्या वर्षांनी लॉस एंजलिसमध्ये परतलेल्या संघाला त्या विजयाने काय दिले, ते इथल्या रस्त्यांवर अनुभवलेल्यांनाच कळेल. दोन पहिल्या फेऱ्या त्यापुढे मला अगदीच कमी वाटतात.

मुळामुठा

विजेतेपदाचे श्रेय रॅम्सीला देताना मात्र तो सामना पुन्हा पाहावा, अशी विनंती आहे. उत्तरार्धाच्या पहिल्याच खेळीवर सिनसिनाटीच्या टी हिगिन्सने त्याच्यावरून ७५ यार्डांचे टचडाउन केले. त्या वेळी रॅम्सीच्या हेल्मेटची जाळी ओढली गेली आणि पंचांनी ते पाहिले नाही हे मान्य. पण पूर्वार्धात जमार चेसनेही त्याच्यावरून लांब झेल घेतला होता. आणि शेवटच्या चौथ्या डाऊनला, म्हणजे चेंडू राखण्याच्या अखेरच्या प्रयत्नात, डोनाल्डने सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो याला पकडले नसते, तर त्याच क्षणी चेस रॅम्सीला मागे टाकून मोकळा सुटलेला होता. त्याआधी टँपामधील सामन्यातही माइक इव्हान्सने चौथ्या सत्रात त्याच्यावरून ५५ यार्डांचे टचडाउन केले होते. ज्या सामन्यांसाठी त्याला आणले, त्यांत तो अभेद्य नव्हता.

वैदर्भी

मुळामुठांची निरीक्षणे खरी आहेत, परंतु त्यांचा वापर जपून करावा लागेल. कॉर्नरबॅकचे अपयश संपूर्ण स्टेडियमला दिसते. त्याचे यश, म्हणजे न फेकला गेलेला पास, कोणाच्याच नजरेत येत नाही. शेवटच्या खेळीबद्दल बोलायचे तर डोनाल्ड वेळेत पोहोचला म्हणूनच चेसकडे चेंडू गेला नाही, आणि संपूर्ण हंगामात अनेकदा याच्या उलट घडले, म्हणजे पहिला रिसीव्हर झाकलेला असल्यामुळे क्वार्टरबॅक अडून राहिला आणि डोनाल्डला जास्तीचा क्षण मिळाला. दोघांच्या कामाची वाटणी करणे फार अवघड आहे.

मला चर्चेत न आलेल्या खर्चाकडे लक्ष वेधायचे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये रॅम्सने रॅम्सीला पाच वर्षांसाठी १० कोटी ५० लाख डॉलरचा वाढीव करार दिला, त्यात ७ कोटी १२ लाखांची हमी होती, आणि वर्षाला सरासरी २ कोटींवर जाणारा तो पहिला कॉर्नरबॅक ठरला. त्या वर्षी प्रत्येक संघाची पगारमर्यादा १९ कोटी ८२ लाख होती आणि साथीमुळे पुढच्या वर्षी ती १८ कोटी २५ लाखांवर उतरली. म्हणजे ट्रेडची किंमत निवडहक्कांनी दिली, आणि त्यानंतर दरवर्षी मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याइतकी सरासरी रक्कम एका माणसाच्या नावे मांडली गेली. निवडहक्क एकदाच जातात. पगार इतर जागांवरची माणसे सतत कमी करत राहतो. २०२२ मध्ये रॅम्स ५-१२ वर कोसळले, त्यात दुखापतींचा मोठा वाटा होता, पण बदली खेळाडूंची फळी विरळ झालेली होती, हेही तितकेच खरे.

मार्च २०२३ मध्ये त्यांनी रॅम्सीला मायामीकडे दिले तेव्हा हातात आला तिसऱ्या फेरीचा ७७ वा क्रमांक आणि टाइट एंड हंटर लाँग. जुन्या कोष्टकात ७७ व्या क्रमांकाचे गुण २०५ आहेत. त्यावर आधीच दिलेल्या बोनसमुळे तो संघात नसतानाही २०२३ च्या मर्यादेतून सुमारे १ कोटी ९६ लाख डॉलर वजा झाले. साडेतीन वर्षांत १,५७० चे २०५ झाले, हे विसरता कामा नये.

इंगलवूडवासी

वैदर्भीताई, त्याच ७७ व्या क्रमांकावर बायरन यंग निवडला गेला आणि पहिल्याच वर्षी त्याने क्वार्टरबॅकला आठ वेळा पाडले. रॅम्सीने २०२१ आणि २०२२ मध्ये प्रत्येकी चार इंटरसेप्शन घेतले, दोन ऑल-प्रो हंगाम आणि एक विजेतेपद दिले, आणि जाताना हा पास-रशर देऊन गेला. वस्तू वापरून झाल्यावर तिची किंमत उतरणारच. ती वापरली कशासाठी, हे विचारावे.

मैलभर उंच

डेन्व्हरहून लिहितो. कॉर्नरबॅकसाठीचा सर्वांत यशस्वी सौदा २००४ चा होता, असे मी मानतो, आणि त्यात आम्ही पहिल्या फेरीचा एकही हक्क दिला नाही.

ब्रॉन्कोजने क्लिंटन पोर्टिस हा रनिंग बॅक वॉशिंग्टनला दिला आणि चॅम्प बेली घेतला. वर दुसऱ्या फेरीचा एक हक्कही मिळवला. पोर्टिसने आधीच्या दोन्ही हंगामांत १,५०० हून अधिक यार्ड धावून काढले होते, त्यामुळे तेव्हा इथे बरेच जण हळहळले. पण माइक शॅनहान यांच्या पद्धतीत धावपटू तयार करता येतात आणि बेलीसारखा कॉर्नरबॅक तयार करता येत नाही, याची संघाला खात्री होती. बेली २००४ ते २००६ अशी सलग तीन वर्षे ऑल-प्रो पहिल्या संघात होता, २००६ मध्ये त्याने दहा इंटरसेप्शन घेतले, तो २०१३ च्या हंगामापर्यंत आमच्याकडेच खेळला आणि २०१९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. जानेवारी २००६ मध्ये टॉम ब्रेडीचा पास एंडझोनमध्ये पकडून तो १०० यार्ड धावला आणि रेषेच्या अगदी जवळ बेन वॉटसनने मैदान आडवे कापून येऊन त्याच्या हातून चेंडू उडवला, तो प्रसंग इथले लोक आजही सांगतात.

मुद्दा असा की आम्ही जे दिले ते आम्हाला पुन्हा सहज मिळवता येणार होते. रॅम्सना पुढच्या फेऱ्यांतून माणसे शोधता येत होती म्हणून त्यांना पहिली फेरी सोडणे परवडले. जॅग्वार्सला मात्र मिळालेल्या हक्कांतून काय निवडायचे हेच जमले नाही, असे मला दुरून वाटते. धागाकर्त्यांनी त्याबद्दल लिहावे.

सेंटजॉन्सकाठी

लिहितो.

२०२० च्या २० व्या क्रमांकावर आम्ही एलएसयू या विद्यापीठाचा कलेव्हॉन चेसन घेतला. चार हंगामांत त्याचे सॅक (क्वार्टरबॅकला पाडणे) दोन आकड्यांपर्यंत गेले नाहीत, त्याचा पाचव्या वर्षाचा पर्याय संघाने वापरला नाही आणि तो निघून गेला. त्याच ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर, हा आमचा स्वतःचा हक्क होता, रॅम्सीची जागा भरण्यासाठी सी. जे. हेंडरसन हा कॉर्नरबॅक घेतला. सप्टेंबर २०२१ मध्ये तोही कॅरोलिनाला गेला आणि बदल्यात टाइट एंड डॅन आर्नल्ड व तिसऱ्या फेरीचा हक्क आला. रॅम्सीची खरी किंमत मला या हेंडरसनच्या निवडीत दिसते. रॅम्सच्या दोन हक्कांवर आमचा स्वतःचा नववा क्रमांकही त्या एका माणसाने मोकळी केलेली जागा भरण्यात खर्च झाला, आणि जागा भरली नाही ती नाहीच.

२०२१ च्या २५ व्या क्रमांकावर ट्रॅव्हिस एटियन आला. पहिले वर्ष पायाच्या दुखापतीत गेले, पण २०२२ मध्ये तो १,१२५ यार्ड आणि २०२३ मध्ये १,००८ यार्ड धावला. १४ जानेवारी २०२३ च्या रात्री चार्जर्सविरुद्ध आम्ही २७-० असे मागे होतो. शेवटच्या मिनिटांत चौथ्या डाऊनला एक यार्ड हवा असताना एटियनने कडेने २५ यार्ड काढले, त्यावरच विजयी फील्ड गोल झाला आणि आम्ही ३१-३० असे जिंकलो. रॅम्सीच्या सौद्यातून या शहराला मिळालेला निखळ आनंद कोणता, असे विचारले तर मी ती धाव दाखवीन, आणि ती धाव मला खरोखर प्रिय आहे. पण १-१५ आणि ३-१४ असे दोन हंगाम त्याआधी सोसावे लागले.

मैलभर उंच यांचे म्हणणे मान्य: आम्हाला दिलेला भाव वाया गेला तो आमच्याच खोलीत, ड्राफ्टच्या टेबलावर. त्याचा दोष सौद्याला देता येत नाही.

टँपाकर

रॅम्सी पुढे कुठे पोहोचला, तेही इथे नोंदवतो, कारण किंमत कशी उतरते ते त्यातून स्पष्ट दिसते. जुलै २०२३ मध्ये मायामीच्या सरावात त्याच्या गुडघ्याच्या कूर्चेला दुखापत झाली, तरी ऑक्टोबरअखेरीस परतून पहिल्याच सामन्यात त्याने इंटरसेप्शन घेतले. ३० जून २०२५ रोजी मायामीने त्याला जोनू स्मिथसह पिट्सबर्गला दिले आणि बदल्यात मिंका फिट्झपॅट्रिकला परत घेतले. २०१९ मध्ये एकाच दिवशी ज्यांची नावे बातम्यांत आली ते दोघे, सहा वर्षांनी एकमेकांच्या बदल्यात गेले. तेव्हा एकाचा भाव दुसऱ्याच्या दुप्पट होता. तिशी गाठताना दोघे जवळपास समान झाले. कॉर्नरबॅकचा वेग थोडा जरी उतरला तरी बाहेरच्या कडेला ते लपत नाही, म्हणून २०२५ मध्ये पिट्सबर्गने त्याच्याकडून सेफ्टीचे कामही घेतले.

वैदर्भी

आता गार्डनरकडे येऊ. तो २०२२ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला, पहिल्या दोन्ही हंगामांत ऑल-प्रो पहिल्या संघात होता आणि पहिल्या तीन हंगामांत मिळून त्याची इंटरसेप्शन अवघी तीन आहेत. मुळामुठांच्या प्रश्नाचे तो दुसरे उदाहरण आहे. सौद्याच्या वेळी वय जवळपास रॅम्सीइतकेच, पंचवीस. फरक करारात आहे. रॅम्सला रॅम्सीचा मोठा करार सौद्यानंतर स्वतः करावा लागला, तर गार्डनरचा चार वर्षांचा, सुमारे १२ कोटी डॉलरचा वाढीव करार जेट्सने जुलैमध्येच केला होता. खेळाडू दुसऱ्या संघात गेला की आधी दिलेल्या बोनसचा भार जुन्याच संघाच्या मर्यादेवर राहतो, त्यामुळे कोल्ट्सला तो माणूस करारातल्या आकड्यापेक्षा स्वस्त पडतो. जेट्सने या दोन पहिल्या फेऱ्यांच्या भावात तो बोनसही विकला, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

इंगलवूडवासी

आणि कोल्ट्सचा बचाव-समन्वयक लू अनारुमो आहे, जो आमच्याविरुद्धच्या सुपर बोलमध्ये सिनसिनाटीचा बचाव सांभाळत होता. गार्डनरला तो कोणत्या कामाला लावतो, सर्वोत्तम रिसीव्हरच्या मागे सामनाभर फिरवतो की एका कडेला उभा ठेवतो, यावर त्या दोन हक्कांचे मोल ठरेल. सौद्याच्या दिवशी कोल्ट्स ७-२ वर होते, म्हणजे विकत घेण्याची वेळ त्यांनी योग्य साधली आहे. पण आमच्याकडे डोनाल्ड होता, हे मी पुन्हा सांगतो. कोल्ट्सकडे पहिल्या फळीत बकनर आहे आणि तो चांगला आहे. क्वार्टरबॅकला तीन सेकंदांच्या आत चेंडू सोडायला लावणारी दुसरी कोणती माणसे त्यांच्यापाशी आहेत, हे मला त्यांच्या पाठीराख्यांकडून ऐकायला आवडेल.

सेंटजॉन्सकाठी

मला मात्र जेट्सच्या पाठीराख्यांचे ऐकायचे आहे. त्यांच्या संघाने त्याच दिवशी बचावपटू क्विनेन विल्यम्सलाही डॅलसकडे पाठवले, म्हणजे आमच्याकडे २०१९-२० मध्ये जे वर्षभर चालले ते त्यांनी एका दुपारी केले. त्या सौद्यांनंतर त्यांच्यापाशी पहिल्या फेरीचे हक्क भरपूर झाले. त्यातून निवडणारी माणसे कोण आहेत आणि निवडलेल्यांना त्या संघात पाच वर्षांनीही राहावेसे वाटेल का, याचे उत्तर कोणत्याही कोष्टकात नाही. जेट्सचे कोणी वाचत असतील तर त्यांनी इथे जरूर लिहावे.